चार पिढ्यांचं विरजण

माणूस गेला की आधी रडणं, मग दिवसपाणी आणि सगळ्यात शेवटी वाटणीची भांडणं, अशी आपल्याकडची जुनी रीत. वंशनोंदणी आली आणि ही रीतच उलटी झाली. डॉक्टरनं मृत्यूची नोंद केली रे केली की सरकारी यंत्र गेलेल्या माणसाची जनुकं इतरांशी ताडून बघतं, सगळ्यात जवळचं रक्त शोधतं आणि घरदार त्याच्या नावावर करून मोकळं होतं. तलाठ्याकडे खेटे नकोत, साक्षीदार नकोत, कुणाचं चहापाणी तर नकोच नको. लोकांना ही सोय भलतीच आवडली. म्हणजे, ज्यांचं रक्त जुळत होतं त्यांना.

बार्शीत गुरुलिंगअप्पा खताड्यांना समाधी देत होते. स्वामींनी विभूती लावली, बेलाची पानं ठेवली आणि नीलांबिकेला पुढं बोलावलं. ती ओंजळभर माती घेऊन वाकली, तोच मागं कुणाचा तरी फोन वाजला. वीरेशचा. वीरेश म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाचा मुलगा, सकाळीच पुण्याहून आलेला. त्यानं फोन बघितला आणि चोरी पकडल्यासारखा पटकन खिशात घातला. नीलांबिकेनं त्याचा चेहरा पाहिला आणि काय आलं असणार ते तिला कळलं. अजून अप्पांवर पुरती माती पडली नव्हती आणि त्यांचं घर दुसऱ्याचं झालं होतं. तिनं ओंजळ रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. लेकीचा मान होता तो, आणि तो पुरा होईपर्यंत ती खड्ड्यापासून हलली नाही.

आता हे सगळं झालं कसं, ते सांगायला हवं. नीलांबिका खताडे नव्हती, बिराजदार होती. ती लहान असतानाच तिचे वडील शिवराज बिराजदार ट्रॅक्टर उलटून गेले. पुढं आईनं, महानंदेनं, बार्शीच्या गुरुलिंग खताड्यांशी लग्न केलं. खाली दह्याचं दुकान, वर राहतं घर आणि दारावर पाटी: 'खताडे दही. चार पिढ्यांचं विरजण.' गावात टाकीत पिकवलेलं यंत्रदूध आलं, पुड्यांतलं दही आलं, पण खताड्यांकडे म्हशीचंच दूध आणि मातीचीच गाडगी. सुरी घालून कापावं असं दही. त्याच्यावर बार्शीकरांचा जीव.

शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, "खताडे लावू ना?"

"नगं," अप्पा म्हणाले. "बापाचं नाव हाय तिच्याकडं. मेलेल्या माणसाचं आपण कशाला पुसायचं?"

त्यामुळे दत्तक घेणं राहिलं. पुढं आई गेली, नीलांबिकेनं लग्न न करता दुकान अंगावर घेतलं, अप्पांचे हात थरथरायला लागले, तेव्हा कुणीतरी मृत्युपत्राचं नाव काढलं. अप्पा असे उखडले की विचारू नका. "लेकीला कागद करून देत्यात व्हय? कागद परक्याला करून देत्यात!" झालं. माणूस मायेचा डोंगर, पण डोक्यात एकदा बसलं की बसलं. त्या मायेपायी आता लेक रस्त्यावर यायची वेळ आली होती.

संध्याकाळी वीरेश चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसला. तसा तो वाईट नव्हता. अप्पा आजारी असताना दोनदा येऊनही गेला होता.

"अक्का, तुला घालवायला मी आलेलो नाही," तो म्हणाला. "पण पुण्याची एक कंपनी मागं लागलीय. त्यांना ही कोपऱ्याची जागा हवीय आणि नाव हवंय. 'चार पिढ्यांचं विरजण', त्यालाच किंमत आहे म्हणतात. काकांचा फोटो डब्यावर छापणार. तू वरच्या खोलीत राहा की. भाडं नको मला."

"माझ्या बापाच्या घरात मला फुकट ठेवणारा तू कोण रे?"

वीरेशनं कप खाली ठेवला. "यंत्रानं दिलं, अक्का. मी मागायला गेलो नव्हतो."

"मग मी मागते," नीलांबिका म्हणाली. "बघू कोण देत नाही ते."

शहनाज मोमीन वकीलबाईंचं ऑफिस दोन गल्ल्या सोडून होतं. लहानपणी दोघी एका वर्गात. शहनाजनं सगळं ऐकलं आणि आधी अप्पांना प्रेमानं दोन शिव्या घातल्या.

"बिगरकागदाचा माणूस गेला की सावत्र लेकराला कायद्यात जागाच नव्हती बघ. सावत्र आई-बापाचं करून करून हाडं झिजवली तरी घर पुतण्याला. परवा-परवा कायदा बदलला. लहानपणापासून एका घरात, एका ताटात वाढवलं असेल, तर सावत्र मूलही मूलच."

"मग झालं की! सगळी गल्ली सांगेल."

"गल्लीला कोण विचारतंय? नवा कायदा आला तसे खोटे सावत्र लेक उगवले गावोगाव. साक्षी विकत मिळायला लागल्या. पत्ता एक असला तर म्हणतात, भाडेकरूचाही असतो. म्हणून आता एकच पुरावा चालतो. सहवास-चाचणी. जंतूंची साक्ष, नीला. ते कुणाला फितूर होत नाहीत."

लोक तिला सरळ पोटचाचणी म्हणत. चाचणी पुण्यात होत असे आणि तिथल्या डॉक्टर रेणुका चाफळकरांना समजावून सांगायची हौस होती.

"आपल्या तोंडात आणि पोटात कोट्यवधी जिवाणू राहतात," त्या म्हणाल्या. "जात तीच असते, पण घराघराचं वाण वेगळं. आईचा मुका, बापाच्या ताटातला घास, एकच तांब्या, यांतून ते वाण लेकराकडं जातं आणि लहानपणी आलेलं जन्मभर टिकतं. आता गंमत बघा. तुमच्या घरी आरती म्हणताना एखादा शब्द चुकीचा म्हणतात का?"

"म्हणतो की. अप्पा तर भलतंच काहीतरी म्हणायचे."

"आणि तुम्हीही तेच म्हणता. प्रत्येक घराची चूक वेगळी, आणि पोरं ती तशीच पुढं नेतात. जिवाणूंचंही तसंच. वाढताना त्यांच्या जनुकांत एखादं अक्षर चुकतं आणि पुढच्या सगळ्या पिढ्या ती चूक घेऊन जगतात. दोन माणसांच्या जिवाणूंत कुठल्या चुका सारख्या आहेत ते पाहिलं की त्यांचं वाण एका घरातलं का, आणि कधीपासूनचं, हे सांगता येतं. फक्त मला तुमच्या वडिलांचं काहीतरी हवं."

नीलांबिकेनं पिशवीतून स्टीलची वाटी काढली. आत अप्पांची कवळी होती. अप्पा गेल्यापासून ती खिडकीत तशीच पडून होती, नीलांबिकेला तिला हात लावायचा धीरच झाला नव्हता. रोज दोनदा घासून देणारी हीच बाई. डॉक्टर कवळीवर साठलेलं किटण पाहून खूश झाल्या. "घासली नाहीत ते फार बरं केलंत!" नीलांबिकेला हसावं की रडावं कळेना. मग ती रडलीच.

अहवाल आला तो झकास. अप्पांचं आणि तिचं वाण तंतोतंत जुळत होतं. नीलांबिकेनं त्या दिवशी येईल त्या गिऱ्हाईकाला दोन चमचे दही जास्तीचं घातलं.

पण वीरेशचा वकीलही काही दूधखुळा नव्हता. त्यानं वारसा न्यायालयात उभं राहून एवढंच मागितलं, की खताड्यांच्या गल्लीतल्या इतर माणसांचीही चाचणी करा. न्यायाधीश देशमाने मॅडमनी मान्य केलं.

आणि गल्लीनं काय करावं? गल्लीला वाटलं, जेवढे नमुने तेवढ्या साक्षी! नीलव्वासाठी म्हणून नळ्यांत थुंकायला ही रांग लागली. ज्यांना बोलावलं नव्हतं तेही आले. सगळ्यांत पुढं शेजारच्या शशिकला मावशी, वय ऐंशीच्या घरातलं, हातात काठी. "माजं आधी घ्या," त्या दटावून म्हणाल्या, "मी तिला न्हाऊ घातलंय." नीलांबिकेला भरून आलं. तिनं सगळ्यांना ताक पाजलं.

अहवाल आला तेव्हा नीलांबिकेच्या तोंडचं पाणी पळालं. गल्लीतल्या एकूण एक माणसाचं वाण अप्पांशी जुळत होतं. मावशींचं जुळत होतं, इस्त्रीवाल्याचं जुळत होतं, तीन वर्षांमागं भाड्यानं राहायला आलेल्या बँकेच्या साहेबाचंही बऱ्यापैकी जुळत होतं.

"मॅडम," वीरेशचा वकील हात पसरून म्हणाला, "मग काय, सगळी गल्लीच गुरुलिंगअप्पांची लेकरं समजायची का?"

न्यायालयात हशा पिकला. मावशींना वाटलं आपण जिंकलो, त्याही हसल्या. मग शहनाजचा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं.

कारण साधं होतं. खताड्यांचं दही. गल्ली पिढ्यान्‌पिढ्या तेच खात होती. शिवाय अप्पांचा नेम होता, विरजण मागायला कुणी आलं तर नाही म्हणायचं नाही. त्यामुळे घरोघरी दही लागे ते खताड्यांच्याच विरजणाचं. आणि ते वाण इतकं दांडगं, की पोटातल्या बाकीच्या जिवाणूंना हुसकून लावून स्वतः पाय पसरून बसलेलं. जुळवायला दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

"पुढच्या तारखेला नवं काही आणलं नाहीत तर दावा काढून टाकावा लागेल," देशमाने मॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत असावं, पण वाईट वाटून निकाल देता येत नाही.

बाहेर मावशी काठी टेकत आल्या आणि नीलांबिकेचे हात धरून म्हणाल्या, "आमीच घात केला गं तुजा."

"तुम्ही काय केलंत मावशी? दही खाल्लंत."

दोन दिवसांनी डॉक्टर चाफळकरांचा फोन आला.

"मला एक कोडं सुटत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाटीवर चार पिढ्यांचं विरजण लिहिलंय. मग गल्लीतलं हे वाण शंभर वर्षं तरी जुनं हवं. पण मी सगळ्यांच्या चुका मागं मागं नेत गेले, तर त्या तीसेक वर्षांपूर्वी एका ठिकाणी येऊन थांबतात. त्याच्या आधी हे वाण गल्लीत नव्हतंच. मात्र अप्पांच्या कवळीवर आणि तुमच्या पोटात, थोडीशीच, पण त्याहून जुनी एक फांदी सापडते. त्या सुमाराला काही झालं होतं का? आठवून बघा. त्याच्यावर सगळं अवलंबून आहे."

नीलांबिकेच्या हातात दुधाची घागर होती. ती तिनं खाली ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "काही आठवत नाही."

आठवत नव्हतं कसं? सगळं लख्ख आठवत होतं.

ती चौथीत होती. त्या उन्हाळ्यात खताड्यांचं विरजण नासलं. दही लागेना, लागलं तर त्याला तार सुटे, चमच्याबरोबर शेंबडासारखं वर येई. अप्पांनी गाडगी बदलली, दूध बदललं, देवाला नारळ फोडला. पणजोबांपासून चालत आलेलं विरजण हातातून गेलं ते गेलंच. एक दिवस दुकान लवकर बंद करून ते स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकले. एवढा थोराड माणूस, पण तोंड एवढंसं झालेलं.

आईनं फळीवरचं आपलं छोटं गाडगं काढलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. सासर सोडताना आईनं तडवळहून आणलेली ती एकच गोष्ट. घरच्यापुरतं दही ती त्याचंच लावायची. वर तिघं जेवत ते ह्याच दह्याशी, आणि खाली दुकानात खताड्यांचं.

"हे बिराजदारांचं हाय," अप्पा म्हणाले.

"विरजणाला कुठं आडनाव असतंय?" आई म्हणाली.

अप्पांनी मान हलवली. मग ते दारात उभ्या असलेल्या नीलांबिकेकडं वळले आणि, अहो, त्या एवढ्याशा पोरीपुढं उकिडवे बसले. "नीलव्वा, हे तुज्या बापाच्या घरचं हाय. त्याच्यावर हक्क तुजा. तू दिलंस तर घेतो. न्हाई म्हनलीस तरी राग न्हाई."

तिनं दोन्ही हातांनी गाडगं उचलून त्यांना दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानातलं दही असं लागलं, की गिऱ्हाइकं बोटं चाटायला लागली. अप्पांनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "कुनाला सांगू नगं हां. लोक म्हनत्याल खताड्यांचं संपलं." तिनं गळ्याची शपथ घेतली होती, आणि आजवर ती मोडली नव्हती.

म्हणजे आता काय करायचं? नीलांबिका दुपारभर दुकानात दूध निवत ठेवून बसली. बोटानं ऊब बघायची, विरजण लावायचं, फडकं झाकायचं. हात आपोआप चालत होते आणि डोक्यात वादळ. बोललं तर घर मिळेल, पण भर न्यायालयात अप्पा खोटे ठरतील. आयुष्यभर ज्या पाटीखाली मान ताठ ठेवून बसले, ती पाटी खोटी. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजूही मांडता येत नाही. आणि गप्प बसलं तर?

गप्प बसलं तर तीच खोटी ओळ कंपनी विकत घेणार. डब्याडब्यावर अप्पांचा हसरा फोटो आणि खाली 'चार पिढ्यांचं विरजण'. अप्पा खोटं बोलले ते घर जगवायला, लाजेनं, हळू आवाजात. आता त्याचा बाजार मांडला जाणार, तो कोण्या दुसऱ्याकडून. शपथ घेतली ती ह्या दुकानासाठी. दुकानच जाणार असेल, तर ती शपथ राखायची कुणासाठी?

"अप्पा," ती गाडग्यांकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "रागवायचं तर रागवा. मी बोलणार."

तिनं फोन लावला. "डॉक्टर, मला आठवलं. मघाशी खोटं बोलले. तुम्हाला तडवळला माणूस पाठवावा लागेल. तिथं माझी आत्या आहे, निंगव्वा बिराजदार. तिच्या घरचं दही घ्या. आई तिथून निघाली त्यानंतर ते दही कधी बार्शीला आलेलं नाही आणि बार्शीचं तिकडं गेलेलं नाही."

पुढच्या तारखेला गल्ली झाडून न्यायालयात आली होती. घात आपण केला, मग निदान शेजारी बसायला तरी जाऊ, असा सगळ्यांचा विचार. नीलांबिका उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. नासलेलं विरजण, आईचं गाडगं, समोर उकिडवे बसलेले अप्पा, शपथ. एक शब्द गाळला नाही.

"खोटं आहे हे!" वीरेश उठलाच. "आमच्या खापरपणजोबांचं विरजण आहे ते! अक्का, घरासाठी काकांना खोटं पाडतेस? लाज वाटत नाही?"

"वाटते," नीलांबिका म्हणाली. "लाज वाटते म्हणूनच इतके दिवस घालवले. पण त्यांनी माझ्यापुढं हात पसरले होते वीरेश, चौथीतल्या पोरीपुढं. बाप असल्याशिवाय कुणी असं करतं का? ते मी लपवून ठेवू?"

वीरेश खाली बसला. नीलांबिकेनं गल्लीकडं बघितलं. कुणी तिच्याशी नजर मिळवेना. मावशी तर मान खाली घालून काठीशी चाळा करत बसल्या होत्या.

मग डॉक्टर चाफळकरांनी पडद्यावर एक झाड दाखवलं. बुंधा तडवळचा, निंगव्वा आत्याच्या दह्यातलं वाण. बुंध्यातून एक फांदी फुटलेली आणि तिच्यावर दोघंच: नीलांबिका आणि गुरुलिंगअप्पा. त्या फांदीवर बरंच पुढं एक डहाळी, आणि सगळी गल्ली त्या डहाळीला लटकलेली. "गल्लीत हे वाण दुकानातून आलं," त्या म्हणाल्या. "पण दुकानात यायच्या आधी काही वर्षं ते फक्त वरच्या घरात होतं. त्या वर्षांत अप्पांकडं हे वाण यायला एकच वाट होती. ह्या मुलीबरोबर, तिच्या आईच्या हातचं, एका पंगतीला बसून जेवणं. दुसरी वाट नाही."

वीरेशच्या वकिलानं शेवटचा डाव टाकला. "म्हणजे मॅडम, अप्पांनी मुलीला काही दिलंच नाही. उलट मुलीकडून घेतलं. मग ती वारस कसली?"

देशमाने मॅडमनी चष्मा काढला. "कायदा विचारतो एका घरात, एका ताटात वाढले का. कुणी कुणाला वाढलं हे विचारत नाही. आणि मी विचारलंच, तर जवाब तुमच्या अशिलाला आवडायचा नाही. जे नाव विकायला काढलंय, त्यातलं विरजण ह्या मुलीच्या वडिलांचं आहे."

निकाल तिथंच झाला. घर आणि दुकान नीलांबिका शिवराज बिराजदार हिचं, गुरुलिंग खताडे यांची मुलगी म्हणून. शहनाजनं तिला मिठी मारली. पण नीलांबिकेचं लक्ष दाराकडं होतं. गल्ली गुपचूप बाहेर पडत होती, आणि कुणी तिच्याजवळ आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं. घर जिंकलं, पण अप्पांची अब्रू घालवून. आता ह्या फळीवर गिऱ्हाईक येईल का, आणि आलं तर काय तोंडानं त्याला दही द्यायचं? तिनं गाडगी मांडली. पाटीकडं बघवेना म्हणून ती पाठ करून बसली.

काठीचा आवाज आला. शशिकला मावशी. मागं इस्त्रीवाला, त्याच्या मागं बाकीचे, ज्याच्या त्याच्या हातात डबा.

"अर्धा किलो घाल," मावशी म्हणाल्या. "आन काल घाबरलीस व्हय आमाला?"

"मावशी, मी अप्पांना..."

"गप. आमाला ठाऊक न्हवतं का?"

नीलांबिकेच्या हातातला दही काढायचा डाव हवेतच राहिला.

"अगं, रोज दही खानारी माणसं आमी. त्या उन्हाळ्यात महिनाभर तार सुटली, आन मग एका रातीत दही बदललं. कळायचं न्हाई व्हय? मी तुज्या आयच्या पानावर जेवलेली, तिच्या घरचं दही माज्या जिभेवर हुतं. दुकानातलं खाल्लं आन म्हनलं, अगं बया, हे तर महानंदेचं!"

"मग बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलायचं? गुरुअप्पाचं त्वांड पडलं असतं. चांगला माणूस, एवढीशी गोष्ट झाकतोय, तर आपुनबी झाकावी. सगळ्यांनी झाकली." मावशींनी मागं बघितलं. इस्त्रीवाला हसत मान डोलवत होता. "आन काल कोर्टात तू उभी ऱ्हायलीस, तर आमी कुठल्या तोंडानं तुज्याकडं बगनार? इतकी वर्सं आमीबी खोटंच बोललो की. आदी बोललो असतो, तर तुला एवढा ताप झाला नसता."

नीलांबिका गाडग्यांमागं मटकन बसली आणि खो खो हसत सुटली. डोळ्यांतून धारा. आख्खी गल्ली तीस वर्षं अप्पांचं गुपित राखून होती आणि अप्पा गल्लीपासून लपवत होते! वर जाऊन त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. कसे लाजले असते, आणि मग कसे गडगडाट करून हसले असते.

दुपारी वीरेश आला. पुण्याला निघाला होता, गाडी कोपऱ्यावर उभी. तो फळीवर बोटानं रेघा ओढत राहिला.

"लहानपणी सुट्टीला आलो की काकू वर जेवायला वाढायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, खताड्यांचं म्हणून एवढं गोड लागतं." त्याच्या हातात रिकामा स्टीलचा डबा होता. कसा मागावा ते त्याला समजत नव्हतं.

नीलांबिकेनं डबा ओढून घेतला आणि तळाला विरजण घातलं. "दूध फार तापलेलं नको. बोटाला सोसवेल एवढंच. आणि एकदा लावलंस की हलवायचं नाही."

तो गेल्यावर तिनं इलाही पेंटरला बोलावलं. त्यानं शिडी लावली, पाटीवरची धूळ पुसली आणि विचारलं, "चार पिढ्यांचं खोडू ना?"

"खोड."

त्यानं ती ओळ रंगवून टाकली. वर 'खताडे दही' तेवढं राहिलं.

"त्याच्याखाली लिही, 'खताडे आणि मुलगी'."

इलाहीनं ब्रश बुडवला आणि थांबला. "मुलगीच्या पुढं आडनाव कुठलं लावू? खताडे का बिराजदार?"

"नुसतं मुलगी लिही," नीलांबिका म्हणाली, आणि दूध निवलं का ते बघायला आत गेली.